सिस्टर, मला सोडवा आता

प्रश्न: मी कॅन्सर वॉर्डला स्टाफ नर्स आहे. एक आजोबा रोज रात्री म्हणतात, सिस्टर, इंजेक्शन द्या आणि सोडवा मला. मी "असं बोलू नये आजोबा" म्हणते आणि विषय बदलते. परवा त्यांचं मॉर्फिन वाढवलं तर सोबतची सिस्टर म्हणाली हे पण इच्छामरणच झालं. खरंय का? आणि आत्महत्येबद्दल सरळ विचारलं तर डोक्यात नसेल ते पण येईल ना?

उत्तर: आधी मॉर्फिनचं बघू, कारण हा गैरसमज बऱ्याच वॉर्डांत भेटतो. दुखणं थांबेल इतका डोस, श्वास आणि गुंगीवर लक्ष ठेवून बेताबेताने वाढवलेला, हा साधा उपचार आहे, आणि भीतीपोटी तो द्यायला चालढकल केली तर माणूस रात्रभर कण्हतो, मग सोडवा म्हणणारच ना तो! इच्छामरण म्हणजे जीव जावा म्हणूनच औषध देणं. नेदरलँड्स, बेल्जियममध्ये २००२ पासून कडक अटींवर ते कायदेशीर आहे. भारतात तो गुन्हाच. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्य केलं ते निष्क्रिय इच्छामरण, म्हणजे सुधारणेची आशा नसताना व्हेंटिलेटरसारखा आधार काढणं किंवा सुरूच न करणं, आणि ते पण मेडिकल बोर्डाने तपासून, वॉर्डात कुणा एकाने ठरवून नाही.

हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेल्या अरुणा शानबाग स्वतः नर्स होत्या, आणि त्यांच्या इच्छामरणाच्या २०११ च्या खटल्यात त्यांना जगू द्या म्हणून ठाम राहिला तो मुंबईच्या केईएम हॉस्पिटलचा स्टाफच, वर्षानुवर्षं त्यांचं सगळं करणारा. तुमचं मतही तसं असू शकतं किंवा अगदी उलट. फक्त ते आजोबांवर लादायचं नाही, "असं बोलू नये" हे पण लादणंच झालं (सगळ्यांच्याच तोंडून निघतं ते, मान्य).

विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही, उलट बऱ्याच जणांना बोलून हलकं वाटतं. खुर्ची ओढून बसा आणि विचारा, आजोबा, दुखतंय म्हणून म्हणताय, घरच्यांना त्रास होतोय म्हणून, की स्वतःच काही करून घ्यावं असं मनात येतं? दुखणं असेल तर डोस पुन्हा बघता येतो, उदासी असेल तर या स्टेजलाही तिच्यावर औषध आहे. शेवटच्याला हो म्हणाले तर एकटं सोडू नका, ड्युटी डॉक्टरला तेव्हाच बोलवा, सायकियाट्रीचा कॉल लावायला सांगा, आणि "कुणाला सांगू नका" म्हणाले तरी तसा शब्द देऊ नका. नोट्समध्ये "पेशंट चिडचिडा" असं न लिहिता ते जे बोलले ते त्यांच्याच शब्दांत लिहा, म्हणजे सकाळच्या शिफ्टला नेमकं काय झालं ते कळेल.