डब्याखालची शंभराची नोट

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. सहा वर्षांपूर्वी त्याने काकांवर कोयता चालवला. खांद्याला टाके पडले, काका वाचले. आजारामुळे कोर्टाने त्याला निर्दोष ठरवलं, पण मनोरुग्णालयात ठेवलं. आता डॉक्टर म्हणतात, घरी न्या, जबाबदारी तुम्ही घ्या. काका म्हणतात, आणलास तर संबंध संपले. गल्ली आत्तापासून कुजबुजते. आईने फार सोसलंय. तो आदळआपट करायला लागला की बिचारी डब्याखाली शंभर रुपये ठेवायची, तो टपरीवर जाऊन यायचा नि शांत व्हायचा. वेडा माणूस पुन्हा असं करतो का? आणू की नको?
– एक बहीण, सिडको, नाशिक

ताई, काका आणि गल्ली राहू द्या बाजूला. मी त्या शंभराच्या नोटेपाशीच अडकलेय. टपरीवर तो काय घ्यायचा, ते तुम्ही लिहिलं नाहीत. चहा पिऊन कुणी एवढं शांत होत नाही. गांजाच ना? आणि त्या दिवसांत गोळ्या पोटात जात होत्या की पाकिटातच होत्या?

पुन्हा करतो का, विचारता. (‘वेडा’ हा शब्द आधी घरातून काढा.) मनोरुग्णालयातून घरी गेलेल्यांचा वर्षभर माग ठेवणारा एक मोठा अभ्यास अमेरिकेत १९९८ साली प्रसिद्ध झाला. नशा न करणारे रुग्ण त्याच वस्तीतल्या, नशा न करणाऱ्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त हिंसक निघाले नाहीत. नशा आली की हिंसा वाढली. आणि मार खाल्ला तो बहुतेक घरच्यांनी, ओळखीच्यांनी. तुमच्याकडेही समोर काकाच होते.

गांजाने घर दोन तास गप्प होतं, खरंय. पण या आजारात त्यानेच संशय आणि कानातले आवाज पुन्हा उसळतात, आणि नशेच्या नादात गोळ्या सुटतात. म्हणून आईला मी बिचारी म्हणणार नाही. ती संध्याकाळची शांतता विकत घेत होती, पावती काकांच्या नावावर फाटली.

त्याला घरी आणायला तुम्ही कोर्टात हमी देणार : याची नीट काळजी घेईन, याच्या हातून स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा होऊ देणार नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७४ मधली ही अट आहे. शंभराची नोट लपवून त्या कागदावर सही करणार?

पुढच्या भेटीला आईला घेऊन जा आणि तिच्याच तोंडून डॉक्टरांना सांगा : काय ओढायचा, किती, कधीपासून, पैसे कोण द्यायचं. केसच्या भीतीने तेव्हा गप्प बसला असाल. डॉक्टर म्हणजे पोलीस नव्हेत. व्यसनाचा उपचार वेगळा असतो आणि तो घरी येण्याआधी ठरायला हवा. ऐकून ते ‘अजून थांबा’ म्हणाले, तर थांबा. तोवर सही नाही.

काकांना इतक्यात मनवायला जाऊ नका. त्यांच्या जागी मी असते, तर मीही दार लावून घेतलं असतं.