शेंडा उडवू नका, घेर कमी करा

झाड छपरावर आलं म्हणून वरून सपाट कापून टाकायचा विचार आधी मनातून काढा. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. दोन वर्षांत कापलेल्या टोकांवर धुमाऱ्यांचे झुबके फुटले. त्यांची पकड वरवरची असते, जोराचा वारा आला की निखळतात.

त्यापेक्षा लांब फांदी तिच्याच एखाद्या उपफांदीपर्यंत मागे घ्या. ती उपफांदी कापलेल्या फांदीच्या निदान एक तृतीयांश जाडीची हवी. एका वर्षात पाव हिश्शाहून जास्त पाला काढू नका, म्हाताऱ्या झाडाचा तर त्याहून कमी.

जड फांदी एकाच कापात पाडली तर साल खोडापर्यंत सोलत जाते. आधी खालून थोडी चीर द्या, मग जरा पुढे वरून कापा, शेवटी राहिलेला खुंट काढा. फांदी खोडाला मिळते तिथे सुरकुतलेलं फुगीर कडं दिसेल, करवत त्याच्या बाहेरच ठेवा. जखम तिथूनच भरून येते. रंग, डांबर काही फासू नका.

आणि हो, घरटी आहेत का बघा, परवानगी लागते का विचारा. फांदी वीजतारेजवळ असेल तर शिडी लावूच नका, तारा सांभाळणाऱ्यांनाच बोलवा.