टोकन देण्याआधी

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझी कॉस्ट शीट मिळाली. सँपल फ्लॅटचे फोटोही नीट पाहिले. कासारवडवलीचा टू बीएचके, वरचा मजला, किंमत १ कोटी १० लाख, ताबा तीन वर्षांनी. रविवारपर्यंत टोकन, म्हणजे बुकिंगची आगाऊ रक्कम, दिलं तर हाच रेट, सोमवारपासून वाढ, असं त्या ऑफिसातून तुला सांगितलंय. बाबा कराडहून रोज फोन करताहेत की भाडं म्हणजे पाण्यात पैसे. आणि तू मला विचारतोयस, काका, घेऊ की भाड्यानेच राहू?

उत्तर आधी देतो. हे घर आत्ता घेऊ नकोस. दोन-तीन वर्षं भाड्याने राहा, पण नीट जागा बघून, नीट करार करून. घर घ्यायचंच नाही असं मी म्हणत नाही. ज्याला दहा-पंधरा वर्षं एकाच ठिकाणी राहायचंय, त्याने ऐपतीत बसेल ते घर जरूर घ्यावं. तुझं ते 'एकच ठिकाण' अजून ठरलेलं नाही, एवढीच माझी हरकत आहे.

आता आकडे. कॉस्ट शीटवर ठळक छापलेला आकडा १ कोटी १० लाखांचा आहे, पण घर तेवढ्यात पडत नाही. ठाण्यात मुद्रांक शुल्क सेस धरून ७ टक्के, म्हणजे ७ लाख ७० हजार. (घर एकट्या बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी.) नोंदणी फी ३० हजार. बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी ५ टक्के, म्हणजे आणखी साडेपाच लाख. झाले १ कोटी २३ लाख ५० हजार. पार्किंग, क्लब हाउस, आगाऊ मेंटेनन्स मी अजून धरलेलंच नाही. ७५ लाखांवरच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाने घराच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क, नोंदणी धरत नाहीत. म्हणजे कर्ज जास्तीत जास्त ८२ लाख ५० हजार. उरलेले ४१ लाख खिशातून. तुझ्याकडे अकरा आहेत, बाकीचे तीस बाबांचे.

८ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली तर हप्ता येतो ६९ हजार. पूर्ण कर्ज उचलल्यावरच्या पहिल्या हप्त्यात व्याज किती असेल? ५५ हजार. मुद्दल फिटतं १४ हजार. पाच वर्षांत तू हप्त्यांचे ४१ लाखांच्या वर भरशील आणि त्यातले ३१ लाख व्याजात गेलेले असतील. बाबांना हे एकदा समजावून सांग. पाण्यात जाणारे पैसे फक्त भाड्याचे नसतात. पहिली काही वर्षं बँकेचं व्याज हेही भाडंच असतं, पैशाचं भाडं.

आणि त्याच कॉम्प्लेक्सच्या जुन्या टॉवरमध्ये तसाच फ्लॅट ३० हजार भाड्याने मिळतो, हे तूच लिहिलंयस. दरवर्षी ५ टक्के वाढ धरली तरी पाच वर्षांचं भाडं २० लाखांच्या आत राहतं. भाडं असंच वाढत गेलं तर ६९ हजारांना गाठायला सतरा वर्षं लागतील.

यावर तुझा पुढचा प्रश्न मला दिसतोय, किंमत वाढेल त्याचं काय? वाढेलही. वर्षाला ५ टक्के वाढली तर पाच वर्षांत ३० लाखांची वाढ होते. पण तेवढ्यात ३१ लाख व्याज आणि साडेतेरा लाख शुल्क-जीएसटी गेलेलं असतं, शिवाय तुमचे ४१ लाख मुदत ठेवीत असते तर मिळालं असतं ते व्याजही. पाच वर्षांत विकायची वेळ आली तर हे गणित तुझ्या बाजूने येत नाही. पंधरा वर्षं राहिलास तर येऊ शकतं, कारण भाडं चढत जातं आणि हप्ता व्याजदर बदलेल तेवढाच हलतो. म्हणून मी पुन्हापुन्हा विचारतो, तू तिथे किती वर्षं राहणार आहेस?

आणि विमानतळाचं, अटल सेतूचं नाव घेऊन कोणी भाव सांगितला तर भुलू नकोस. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, नवी मुंबई विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून विमानं उडताहेत. हे तुला माहीत आहे तसं विकणाऱ्यालाही माहीत आहे, आणि त्याने ते किमतीत कधीच धरलंय.

आता ज्याबद्दल तू पत्रात एक ओळही लिहिली नाहीस ते. तुझं लग्न जमवणं चालू आहे. स्थळाकडून पहिला प्रश्न येतो, मुलाचं मुंबई-ठाण्यात स्वतःचं घर आहे का, आणि त्या प्रश्नापोटीच बाबांची ही घाई आहे. त्यांची काळजी मला पोचते. पण उद्या जी मुलगी तुझ्या घरात येईल तिची नोकरी कुठे असेल? बीकेसीत असेल, अंधेरीत असेल, बेलापूरला असेल. तुझं ऑफिस ऐरोलीला. कासारवडवलीहून घोडबंदर रोडने स्टेशन गाठायचं, मग ट्रान्स हार्बर लोकलने ऐरोली, आणि तिने तिच्या ऑफिसापर्यंत तेवढंच. दोघांचे दिवसाचे चार-चार तास रस्त्यात घालवायला लावणारं घर तिला न विचारता आज कशासाठी पक्कं करायचं? घर दोघांनी मिळून बघावं. 'घर आहे का' विचारणाऱ्याला सरळ सांग की ऐरोलीला नोकरी आहे, अमुक रक्कम साठवलेली आहे, कर्ज एकही नाही. ज्यांना मुलीच्या संसाराची खरी काळजी आहे त्यांना हे उत्तर कळतं.

बाबांच्या तीस लाखांबद्दल थोडं कडक लिहितो, रागावू नकोस. ती त्यांच्या निवृत्तीची रक्कम आहे. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन अजून व्हायचंय. तुझा पगार हातात १ लाख ३० हजार येतो, त्यातले निम्म्याहून जास्त हप्त्यात जाणार. ताबा मिळेपर्यंतची तीन वर्षं तर दुहेरी भार, इकडे भाडं आणि तिकडे जेवढं कर्ज उचललं त्याचं व्याज. तुझी अकरा लाखांची शिल्लकही संपलेली. अशात नोकरी गेली किंवा आजारपण आलं तर कोणाकडे बघायचं? बँकेत असताना वसुलीच्या फायली माझ्या टेबलावर यायच्या तेव्हा त्यात आळशी किंवा लबाड माणसं फार नसायची. बहुतेक तुझ्यासारखी सरळ, कष्टाळू मुलं असायची, फक्त हाताशी सहा महिन्यांचा खर्च ठेवायचं राहून गेलेलं असायचं. बाबांकडून घ्यायचेच तर पुढे दहा घे, आणि तेही त्यांच्या आजारपणाची तजवीज बाजूला ठेवून.

टोकनच्या घाईबद्दल. महारेरा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण, २०१७ च्या मे महिन्यापासून आहे. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकलास की ताब्याची जाहीर तारीख, ती किती वेळा पुढे ढकलली, मंजूर मजले किती, जमिनीवर कर्ज किंवा दावा आहे का, सगळं दिसतं. सेल्स ऑफिसात सांगितलेली तारीख आणि साइटवरची तारीख यांत फरक असेल तर साइटवरची खरी धर. आणि जो दर सोमवारी वाढणार असं सांगतात तो पुढच्या सणाच्या ऑफरमध्ये बहुतेक पुन्हा भेटतो. या बाजारात चांगलं घर पटकन जातं हे खरं आहे, विशेषतः रीसेलमध्ये. त्यावर उपाय एकच, आधी तयारीत राहणं. बँकेचं मंजुरीपत्र हातात, स्वतःची रक्कम खात्यात, वकील ठरलेला. असा गिऱ्हाईक आठवड्यात व्यवहार करू शकतो आणि घरमालकही त्यालाच आधी फोन करतो.

ऐरोली-घणसोलीकडे बघशील तेव्हा नवी मुंबईची वेगळी बाजू समजून घे. तिथली बरीचशी जमीन सिडकोची, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी महामंडळाची, भाडेपट्ट्याने दिलेली. रीसेल घेताना अनेक ठिकाणी सिडकोची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क लागतं, ते कोण भरणार हे आधी लिहून घ्यायचं. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरची, म्हणजे जमीन गेलेल्या प्रकल्पग्रस्तांना परत दिलेल्या भूखंडावरची, इमारत असेल तर मूळ प्रकल्पग्रस्तापासून आजच्या मालकापर्यंतची करारांची चेन अखंड आहे का ते वकिलाला बघू दे. आणि गावठाणातल्या अनधिकृत इमारतीत घर निम्म्या किमतीत मिळतंय म्हणून मोहात पडू नकोस. नोटरीच्या कागदावर विकतात, बँका कर्ज देत नाहीत, विकायला गेलं की गिऱ्हाईक मिळत नाही. हे झालं पैशाचं. एप्रिल २०१३ मध्ये शीळफाट्याला अशीच बेकायदा इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. मंजूर नकाशा नसलेल्या इमारतीत मी तुला भाड्यानेही राहू देणार नाही.

फाइल उघडली की मी सगळ्यात आधी ओसी शोधायचो, भोगवटा प्रमाणपत्र. करारनामा, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा), सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट सगळं लावलेलं असायचं आणि ओसीच्या जागी बिल्डरचं पत्र, 'लवकरच मिळेल' असं. तू त्या पत्रावर विश्वास ठेवू नकोस. ओसी मिळालेल्या घराला जीएसटीही लागत नाही. तुझ्या आजच्या शीटवरचे साडेपाच लाख तिथेच वाचतात. रीसेलमध्ये सोसायटीने हस्तांतरणाचे लाखभर मागितले तर शांतपणे सांग, महापालिका हद्दीत या प्रीमियमची कमाल मर्यादा २५ हजार आहे.

भाड्याच्या घराबद्दल लोक निष्काळजी असतात. तू होऊ नकोस. जिथे पुढे घर घ्यावंसं वाटेल त्याच भागात भाड्याने राहा, म्हणजे ती दोन वर्षं फुकट जात नाहीत. घोडबंदरला बघायला जाशील तर रविवारी दुपारी जाऊ नकोस, तेव्हा सगळंच छान दिसतं. जुलैत, कामाच्या दिवशी, सकाळी सातला जा. गेटवर टँकर उभा आहे का बघ. असेल तर वॉचमनला विचार, रोज किती येतात, आणि सोसायटीच्या नोटीस बोर्डवर पाण्याच्या वेळा वाच. मग तसाच बसने स्टेशनपर्यंत ये, कापूरबावडी-माजिवड्याला किती वेळ अडकलास ते बघ. ऐरोली-कोपरखैरण्याला पाण्याचा त्रास त्यामानाने कमी, पण भाडं जास्त आणि पार्किंगची मारामार.

लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा, करार नोंदणीकृतच हवा, तो कायद्याने घरमालकाचीच जबाबदारी आहे. आता आधार आणि अंगठ्यावर घरबसल्या होतो. लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही तो) किती महिन्यांचा, नोटीस किती दिवसांची, वाढ किती टक्के, डिपॉझिट किती दिवसांत परत आणि रंगकामाचे पैसे कापणार की नाही, हे सगळं शब्दांत लिहून घे. चावी घेताना महावितरणच्या मीटरचं रीडिंग, गळती, फुटक्या टाइल्स यांचे फोटो काढून घरमालकाला त्याच दिवशी पाठव. बॅचलर म्हणून नकार येतील, दोन-चार ठिकाणी मनाला लागेलही. ऑफिसचं पत्र आणि आधीच्या घरमालकाचा नंबर बरोबर ठेव, बाबांना एकदा भेटायला घेऊन जा, काम होतं.

हप्ता आणि भाडं यांतले ३९ हजार मात्र खरोखर साठव. भाड्याने राहण्याचा माझा सल्ला त्यावरच उभा आहे. पगाराच्या दुसऱ्या दिवशी ते वेगळ्या खात्यात गेलेच पाहिजेत. अडीच वर्षांत तुझे अकरा आणि हे मिळून व्याज न धरताही २३ लाखांच्या आसपास होतील. मग ओसी असलेलं, दहा-बारा वर्षं जुनं, स्टेशनला चालत जाता येईल असं वन बीएचके किंवा लहान टू बीएचके दोघांनी बघा. हप्ता दोघांच्या मिळून पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत बसवा. मधल्या काळात म्हाडाच्या कोकण मंडळाची आणि सिडकोची सोडत निघेल तेव्हा तुझ्या उत्पन्न गटात अर्ज भरत राहा.

आयकराच्या वजावटीसाठी घर घ्यायचं असं ऑफिसात कोणी सांगितलं तर एवढंच विचार, नवी करप्रणाली की जुनी? नव्यात राहत्या घराच्या व्याजाची २ लाखांची वजावट मिळत नाही, आणि तू नव्यातच आहेस.

शनिवारी त्या ऑफिसातून फोन येईल. नम्रपणे सांग की आत्ता घेत नाही, आणि चेकबुक बरोबर घेऊन साइटवर जाऊ नकोस. बाबांना हे पत्र वाचून दाखव. त्यांना पटलं नाही तर मला फोन करायला सांग, संध्याकाळी सातनंतर मी घरीच असतो. आईच्या ऑपरेशनची तारीख कळव.

तुझा,
काका
नेरूळ