कानात सूं होतंय, हे सांगायचं की नाही?

(कीमोच्या डे-केअरमध्ये ३१ वर्षं काम करून निवृत्त झालेल्या, इंदूरला सुदामानगरात राहणाऱ्या सिस्टर वाचकांच्या पत्रांना उत्तरं देतात.)

सिस्टर, सप्रेम नमस्कार. माझ्या सासऱ्यांना, नानांना, घशाचा कॅन्सर आहे. वय ६३. रोज शेक (रेडिएशन) चालू आहेत आणि दर तीन आठवड्यांनी सिसप्लॅटिन ह्या कीमोच्या औषधाची बाटली लागते. पहिली झाली, दुसरी येत्या मंगळवारी. पहिल्या बाटलीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी खूप उलट्या झाल्या. गिळताना दुखतं म्हणून पाणी पीत नाहीत. आता कानात सारखं सूं होतंय म्हणतात, पण डॉक्टरांना सांगू देत नाहीत. म्हणतात, सांगितलं तर बाटली बंद करतील आणि दुखणं वाढेल. गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली गोळीही घेतात. उलटीसाठी लिहून दिलेल्या एका गोळीचा कागद मुलाने वाचला तर त्यात ती मानसिक आजाराची निघाली, म्हणून आम्ही ती दिलीच नाही. शेजारच्या काकू गुळवेलीचा काढा द्या म्हणतात. काय करावं?
— एक सून, लोकमान्यनगर, इंदूर

ताई, पत्र छापून येईपर्यंत मंगळवार उलटला असता, म्हणून मी त्याच संध्याकाळी तुम्हाला फोन केला. तेव्हा सांगितलं तेच इथे लिहिते. नानांनाही बोलायला लावलं. ते म्हणाले, "सिस्टर, हुकुमचंद कापड मिलमध्ये दहा वर्षं साच्यावर, म्हणजे मागावर, काढली आहेत, १९९१ ला मिल बंद पडेपर्यंत. कानाचं काय घेऊन बसलात!" मी विचारलं, कुकरची शिट्टी येते ऐकू? येते म्हणाले. मोबाईलवर मेसेज आल्याचा बारीक टिंग? जरा थांबले आणि म्हणाले, "तो आजकाल येत नाही."

ह्या औषधाने कान जायला लागला तर असाच जातो. आधी बारीक, उंच आवाज जातात. बोलणं नीट ऐकू येत असतं, म्हणून घरात कुणाच्या लक्षात येत नाही. कानाच्या आत शंखासारखा जो भाग असतो, त्यात केसांसारख्या सूक्ष्म पेशी असतात. सिसप्लॅटिन त्यांना मारतं आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. शिवाय प्रत्येक डोसचा परिणाम आधीच्यावर साचत जातो. नानांचे कान साच्यांच्या आवाजाने आधीच थकलेले असणार, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हे दुप्पट महत्त्वाचं. सूं होण्याचं कारण नुसता मळही असू शकतो, शेकांमुळे कानात धरलेलं पाणीही असू शकतं. पण ते कान बघूनच कळेल. बाटली लावण्याआधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करू असं डॉक्टर म्हणाल्याचं तुम्ही नंतर कळवलंत, फार बरं वाटलं.

आणि नाना, हे तुमच्यासाठी. सांगितलं म्हणजे उपचार बंद होतात असं नसतं. डॉक्टरांच्या हातात बऱ्याच गोष्टी असतात. डोस कमी करता येतो, तीन आठवड्यांचा एक मोठा डोस तोडून दर आठवड्याला लहान देता येतो, कार्बोप्लॅटिनसारखं दुसरं औषध देता येतं, गरज पडली तर नुसते शेक पुढे नेता येतात. ह्यातलं काय करायचं ते त्यांनी ठरवायचं. पण माहितीच नसेल तर ते पहिल्यासारखाच डोस लिहितील. आपल्या मराठी घरांत सोसण्याचं फार कौतुक आहे. माझी आई बाळंतपणातही ओरडली नाही, हे आमच्याकडे अजून अभिमानाने सांगतात. कीमोच्या खुर्चीत मात्र ह्याच सोशिकपणाने माणसं हातची जाताना मी पाहिली आहेत.

आता पाणी. ताई, तुमच्या पत्रातल्या ह्या वाक्याने मला सगळ्यात जास्त काळजी वाटली. नानांच्या बाटलीत प्लॅटिनम आहे, अंगठीतला असतो तोच धातू. १९६५ साली अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ जिवाणूंमधून वीज सोडून बघत होते. जिवाणू दुभंगायचे थांबले आणि नुसते लांबच लांब वाढत गेले. ती करामत विजेची नव्हती, विजेच्या टोकांना लावलेल्या प्लॅटिनममधून जे संयुग तयार झालं होतं, त्याची होती. पेशींना दुभंगू न देणारं ते संयुग पुढे कॅन्सरवरचं औषध झालं. पण सुरुवातीच्या रुग्णांच्या किडन्या इतक्या बिघडल्या की औषध सोडून द्यायची पाळी आली होती. मग डोसच्या आधी आणि नंतर भरपूर सलाईन देऊन लघवी वाहती ठेवायची पद्धत पडली आणि १९७८ मध्ये तिकडे औषधाला परवानगी मिळाली. पाण्याने वाचवलेलं औषध आहे हे. म्हणून तर नानांना औषधाच्या एका बाटलीसाठी दिवसभर झोपवून ठेवतात. आधी सलाईन, त्यात मॅग्नेशियम, मग औषध, मग पुन्हा सलाईन. ते पाणी घाईने संपवून "आम्हाला लवकर सोडा, उज्जैनची बस आहे" म्हणणाऱ्यांशी मी आयुष्यभर भांडले.

घरी आल्यावर तेच काम तुमच्याकडे. हृदयाचं काही दुखणं नसेल आणि डॉक्टरांची हरकत नसेल, तर दिवसाला दोन-अडीच लिटर पोटात गेलं पाहिजे. "पितात थोडं थोडं" हे माप नव्हे. सकाळी नळाला येणारं नर्मदेचं पाणी उकळून, गाळून एका वेगळ्या भांड्यात मोजून ठेवा. त्यात उरलेलं रात्री दिसेल. गिळताना दुखत असेल तर जेवणाआधी तोंड-घसा बधिर करणारं औषध मिळतं, ते मागून घ्या. पातळ ताक, पेज, वरणाचं पाणी, सगळं पाण्यात धरा. पोह्यांशिवाय नानांची सकाळ होत नसेल तर ताकात मऊ कालवून द्या, वरची शेव मात्र नको, टोचेल. आणि उलट्यांमुळे दिवसभरात पाणी टिकत नसेल, किंवा लघवी गडद आणि थोडी होत असेल, तर उद्यावर टाकू नका. त्याच दिवशी जाऊन सलाईन लावून घ्या.

गुडघ्याची गोळी आजच बंद. हे मी इतक्या ठामपणे का सांगते, ते ऐका. माझ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत एक निवृत्त प्राथमिक शिक्षक यायचे. शांत, कमी बोलणारे. त्यांच्या औषधांच्या यादीत काहीच नव्हतं, म्हणून मी पुढे विचारलं नाही. ते पाठदुखीसाठी रोज दोन डायक्लोफेनॅक घेत होते. पाठदुखीची गोळी म्हणजे त्यांच्या लेखी औषधच नव्हे. किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते क्रिएटिनिन आठ दिवसांत ०.९ वरून ३ च्या वर गेलं आणि पुढची कीमो राहिली ती राहिलीच. ते मी विचारायला हवं होतं. त्या दिवसापासून मी यादी मागायची सोडली आणि पिशवी मागायला लागले. घरात नाना जे जे गिळतात, ते सगळं एका पिशवीत भरून न्या आणि टेबलावर उपडं करा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या दुखण्याच्या गोळ्या आणि जेंटामायसिन, अमिकासिनसारखी अँटिबायोटिक इंजेक्शनं सिसप्लॅटिनबरोबर किडनीवर भार टाकतात. ही इंजेक्शनं कानावरही टाकतात. बाहेरचा कुणी डॉक्टर इंजेक्शन द्यायला निघाला तर आधी "कीमो चालू आहे" म्हणा. गुळवेलीपासूनही जपा. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याची प्रकरणं आपल्याच देशात नोंदली गेली आहेत. काकूंचं मन मोडू नका, पण काढा देऊ नका.

उलटीची ती गोळी ओलान्झापीन असणार. मानसिक आजारात ती देतात हे खरं, पण अगदी कमी मात्रेत ती कीमोची मळमळ फार चांगली थांबवते, म्हणून रात्री झोपताना काही दिवस लिहून देतात. नानांच्या डोक्याबद्दल कुणालाही शंका नाही! सिसप्लॅटिनची उलटी दोनदा येते, एक त्याच दिवशी आणि दुसरी चोवीस तासांनंतर, ती चार-पाच दिवस रेंगाळू शकते. घरी द्यायच्या गोळ्या ह्या दुसऱ्या उलटीसाठी असतात. उलटी झाली की द्यायच्या नव्हेत, ती होऊ नये म्हणून ठरल्या वेळी द्यायच्या. ओलान्झापीनने झोप येते, तेव्हा रात्री नाना लघवीला उठतील तेव्हा कुणीतरी हात धरा.

मंगळवारी खुर्चीत बसल्यावर दोन गोष्टी विचारा. आज वजन केलं का? डोस उंची आणि वजनावरून काढलेल्या अंगाच्या पृष्ठभागावर ठरतो. १६५ सेंटिमीटर उंचीचा माणूस ५८ किलोचा असेल तर पृष्ठभाग साधारण १.६३ चौरस मीटर. शेकांमध्ये खाणं तुटून तो ५२ वर आला की १.५४. जुन्याच वजनावर डोस काढला तर तेवढं औषध जास्त जातं. आणि दुसरं, आजचं क्रिएटिनिन किती? ते बघितल्याशिवाय सिसप्लॅटिन लावायचं नाही. शिवाय औषध तुम्हीच मेडिकलमधून आणत असाल तर खोक्यावरचं नाव चिठ्ठीशी अक्षरन् अक्षर ताडून बघा. सिसप्लॅटिन आणि कार्बोप्लॅटिन बहिणी-बहिणी असल्या तरी डोसचे आकडे अगदी वेगळे, आणि कार्बोप्लॅटिनच्या आकड्याने सिसप्लॅटिन गेलं तर जिवावर बेततं. सिसप्लॅटिन फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या थर्मासमध्येही ठेवायचं नाही. एकदा देवासहून एक मुलगा मोठ्या काळजीने बर्फात घालून बाटल्या घेऊन आला, आणि उजेडात धरल्या तर तळाशी पिवळसर बारीक खडे. परत पाठवाव्या लागल्या. त्याचा चेहरा अजून आठवतो.

मला स्तनाच्या कॅन्सरसाठी लाल दवाई लागते. गेल्या वेळी सुईपाशी खूप जळजळलं, पण सिस्टर तीन-तीन पेशंट बघत होत्या, म्हणून मी काही बोलले नाही. आता तीन दिवस झाले, मनगटाच्या वर लाल होऊन सुजलंय. लघवीही लाल झाली होती.
— एक वाचक, ग्वाल्हेर

तुम्हालाही मी फोनवर सांगितलं, तेच लिहिते: आजच्या आज दाखवा. लाल दवाई म्हणजे डॉक्सोरुबिसिन. लघवी एक-दोन दिवस लाल होते ती त्याच्या रंगाने, ते रक्त नव्हे, त्याची चिंता नको. पण हे औषध शिरेबाहेर मांसात उतरलं तर आतून जाळत जातं. जखम काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी उघडी पडते, म्हणून आज नुसती सूज आहे असं म्हणून बसू नका.

पुढच्या वेळी जळजळ, टोचल्यासारखं किंवा नुसतं गार-गार वाटलं तरी त्याच क्षणी हाक मारा. तीन नव्हे, तेरा पेशंट असले तरी मारा. सिस्टर आधी औषध थांबवेल. सुई लगेच उपटायची नसते, तिच्यातूनच जेवढं औषध परत ओढता येईल तेवढं ओढायचं असतं. मग ह्या औषधाला गार शेक, चोळायचं अजिबात नाही. ह्यावर डेक्स्राझोक्सेन नावाचा उतारा आहे, पण तो पहिल्या सहा तासांत सुरू व्हावा लागतो. तुमचे ते सहा तास न बोलण्यात गेले, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. तुम्हाला रागावत नाही, तुमच्याजागी मीही कदाचित गप्प राहिले असते. शिरा बारीक असतील तर छातीत पोर्ट, म्हणजे औषध थेट मोठ्या शिरेत सोडायची कातडीखालची डबी, बसवण्याबद्दल विचारा.

ह्या औषधाचा हृदयावर होणारा परिणाम आयुष्यभर मोजला जातो. एकूण डोस दर चौरस मीटरला ४५० ते ५५० मिलिग्रॅमच्या पुढे गेला की हृदय कमजोर होण्याचा धोका बराच वाढतो. म्हणून इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, करतात आणि म्हणूनच प्रत्येक वेळचा आकडा तुमच्या वहीत हवा. गाव किंवा हॉस्पिटल बदललं तर वही बरोबर न्या.

आजोबांची कीमो झाली की माझा पाच वर्षांचा मुलगा त्यांच्याजवळ झोपायचा हट्ट करतो. झोपू द्यावं का?
— एक आई, वडोदरा

झोपू द्या. मिठीतून कीमो लागत नाही. औषध ४८ तासांपर्यंत लघवी, संडास, उलटी ह्यांतून बाहेर पडतं, काळजी तेवढीच. त्या दोन दिवसांत आजोबांनी बसूनच लघवी करावी आणि झाकण लावून दोनदा पाणी सोडावं. भरलेले कपडे हातमोजे घालून वेगळे धुवावेत, आणि घरात कुणी गरोदर असेल तर हे काम तिने करू नये.

मुलाला सर्दी-खोकला असेल तर मात्र बाजू उलटी होते. तेव्हा जपायचं आजोबांना, कारण साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात त्यांच्या पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात. थर्मामीटर उशाशी असू द्या. १००.४ दाखवलं की तापाची गोळी देऊन सकाळची वाट बघायची नाही. गोळीने ताप झाकला जातो, आतला संसर्ग तसाच वाढत राहतो. रात्रीचे दोन वाजले असले तरी हॉस्पिटल, आणि दारात पोचल्याबरोबर पहिलं वाक्य: "ह्यांची कीमो अमुक तारखेला झाली आहे."