जुन्या बुलेटचा क्लच उघडण्याआधी

क्लच घसरतोय म्हणून लगेच नव्या क्लच प्लेटा मागवायची घाई करू नकोस. आधी केबलचा प्ले बघ. लिवरपाशी दोन-तीन मिलिमीटर ढील नसेल तर क्लच सतत अर्धवट दाबलेला राहतो आणि अनमोड घाटात घसरणारच. आपल्या गोव्यात आणखी एक गोष्ट. चार महिने पावसात गाडी उभी राहिली की प्लेटा एकमेकींना चिकटतात. लिवर ओढून धर, इंजिन बंद ठेवून दहा-बारा किका मार. पुष्कळदा तेवढ्यावर सुटतात.

तरीही उघडायचाच असेल तर डावीकडचं फूटरेस्ट आणि ब्रेक पेडल काढ. प्रायमरीचं, म्हणजे इंजिनाकडून क्लचकडे जाणाऱ्या चेनचं, कव्हर मधल्या एकाच नटावर असतं. तो सुटला की सगळं ऑइल खाली येतं, म्हणून ट्रे आधीच ठेव. प्लेटांचा क्रम काढतानाच मोबाइलवर टिपून घे.

स्टीलच्या प्लेटा टाकू नकोस, तपास. सपाट काचेवर ठेवून कडेला फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकव. वाकलेली असेल तर बदलायलाच हवी, वरचा गंज मात्र बारीक पॉलिश पेपरने जातो. स्प्रिंगा नेहमी पूर्ण सेट बदल. एक नवी नि दोन जुन्या हे मला अजिबात पटत नाही. बास्केटच्या, म्हणजे प्लेटा बसतात त्या डब्याच्या, खाचांत प्लेटांनी खड्डे पाडलेत का, तेही बघ. नव्या प्लेटा घातल्या तरी क्लच नीट सुटत नाही, तो बहुतेक ह्याच खड्ड्यांमुळे.

कव्हर लावण्याआधी लिवर ओढून किक हाताने हळूच दाब. प्रेशर प्लेट (स्प्रिंगांखालची, बाकीच्या प्लेटा दाबून धरणारी) डगमगली तर स्प्रिंगा परत खोल.