मेनूसाठी फॉन्ट कुठला ठेवू?

प्रश्न: बाबांच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकलंय, त्यावर ग्नोम ४८ (मेनू, खिडक्या दाखवणारा डेस्कटॉप). इंग्रजी मेनू छान दिसतात, पण मराठी फाइलींची नावं बारीक नि वेगळ्याच वळणाची, बाबा सारखा चष्मा पुसतात. काय करू? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर: अहो, ग्नोम ४८ पासून डिफॉल्ट फॉन्ट अद्वैता सान्स आहे, इंटर फॉन्टवरून केलेला, त्याआधी कँटारेल होता आणि दोन्हींत देवनागरी नाहीच, म्हणून मराठी अक्षरं सिस्टिम दुसऱ्याच फॉन्टमधून उचलते. ट्वीक्स (ग्नोमच्या जास्तीच्या सेटिंगचं ॲप) मध्ये जाऊन मुक्ता हा फॉन्ट लावा, फुकट आहे, देवनागरी नि रोमन एकाच हाताची, मला तर फार आवडतो. साइज ११ ची १२ करा. मग 'दुसऱ्या शाळेतली मुलं' नावाचं फोल्डर करून बघा, ऱ्या नीट जुळतोय का, मात्रा वर कापली जात नाही ना. आणि निवडताना बाबांना शेजारी बसवा हां.