अंटार्क्टिकातले सील जाड बर्फाखाली श्वास कसा घेतात आणि त्यांना परतीचे भोक कसे सापडते?

आपण विचारले आहे की, दोन-दोन मीटर जाडीच्या समुद्रबर्फाखाली वावरणारे सील गुदमरून कसे मरत नाहीत, अंधारात त्यांना नेमके तेच भोक पुन्हा कसे सापडते, आणि बर्फ कमी झाला तर त्यांचे जगणे उलट सोपे होणार नाही का. हे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, आणि अंटार्क्टिकातल्या भारताच्या ‘भारती’ या संशोधन स्थानकावर एका उन्हाळी मोहिमेत जाण्याची संधी मला मिळाली होती. त्यामुळे तिथे प्रत्यक्ष पाहिलेल्या वेडेल सील या एकाच जातीपुरते उत्तर देतो. माणूस सोडला, तर इतक्या दक्षिणेला पिल्ले घालणारा दुसरा सस्तन प्राणी नाही. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यालगतच्या मॅकमर्डो साउंड या सागरी भागात, ७७ अंश दक्षिण अक्षांशाच्याही पलीकडे, या सीलांची वस्ती आहे आणि तिथे त्यांचा अभ्यास १९६० च्या दशकापासून सलग चालू आहे.

प्रश्नात एक समजूत दडलेली आहे, ती आधी दूर करतो. हे सील दोन मीटर जाड बर्फ खालून फोडून वर येत नाहीत. किनाऱ्याला घट्ट चिकटलेला बर्फ जागचा हलत नाही, पण त्याला लागून समुद्रावर गोठलेला बर्फ भरती-ओहोटीबरोबर वरखाली होत राहतो. त्यामुळे बेटांच्या, हिमनद्यांच्या मुखांच्या आणि उथळ पाण्यात रुतून बसलेल्या हिमनगांच्या कडेने दरवर्षी ठरावीक जागी भेगा पडतात. सील या भेगांचा आधार घेतो आणि तिथे पडलेले भोक बर्फ पातळ असल्यापासूनच रोजच्या रोज खरवडून उघडे ठेवतो. हिवाळाभर बर्फ जाड होत जातो, तसतसे ते भोकही खोल होत जाते आणि विहिरीसारखा एक उभा मार्ग तयार होतो. खरवडण्यात खंड पडला, तर भोक पुन्हा गोठून बंद होते. वरच्या हवेचे तापमान उणे ४० अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, वारा सुटलेला असतो. त्या मानाने उणे १.९ अंशांवर स्थिर असलेले समुद्राचे पाणी ही उबदार जागाच म्हटली पाहिजे. म्हणून हिवाळ्यात सील बहुतेक काळ पाण्यातच काढतो आणि श्वासापुरते नाक वर आणतो.

खरवडण्याचे काम तो दातांनी करतो. वरचे सुळे आणि त्यांच्या शेजारचे पटाशीचे दात पुढच्या बाजूला झुकलेले असतात. जबडा शक्य तितका वासून तो हे दात बर्फात रुतवतो आणि डोके डावीकडे-उजवीकडे फिरवत भोकाची कड कानशीने घासावी तशी घासत राहतो. भारतीजवळच्या गोठलेल्या खाडीत हे मला दुर्बिणीतून बराच वेळ पाहता आले (प्राण्यांच्या फार जवळ जाण्याची मुभा तिथे कोणालाच नसते, आणि ते योग्यच आहे). भोकाच्या पाण्यावर साचलेला बर्फाचा भुगा आधी हलतो, मग त्यातून मिशांसकट तोंड वर येते, आणि मिटलेल्या नाकपुड्या फुत्कारासरशी उघडतात. सीलांच्या नाकपुड्यांची स्वाभाविक अवस्था मिटलेली असते आणि त्या उघडण्यासाठी स्नायूंना काम करावे लागते. आपल्या सवयीच्या अगदी उलट असलेली ही गोष्ट पुस्तकात वाचणे वेगळे आणि प्रत्येक श्वासाला त्या दोन चिरा उघडमीट होताना पाहणे वेगळे. आठ-दहा श्वास झाले की तो लगेच डोके तिरके करून पुन्हा कड घासायला लागे.

या कामाची किंमत दात चुकवतात. वय वाढलेल्या वेडेल सीलांचे सुळे झिजून खुंट झालेले आढळतात, काहींच्या दातांच्या मुळाशी गळू होतात. दात गेले की भोक राखता येत नाही, आणि पकडलेली शिकारही तोंडातून सुटते. म्हणूनच दातांची झीज हे या जातीच्या आयुष्याला मर्यादा घालणारे एक महत्त्वाचे कारण मानले जाते. उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रातला वलयांकित सील हेच काम पुढच्या पायांवरच्या भक्कम नख्यांनी करतो, आणि भोकाच्या वर साचलेल्या हिमात गुहा कोरून तिच्यात पिल्लू लपवतो, कारण तिथे ध्रुवीय अस्वल वास काढत फिरत असते. अंटार्क्टिकात जमिनीवरचा असा शिकारी नाही. त्यामुळे वेडेल सील उघड्या बर्फावर निर्धास्त झोपतो, आणि माणूस दिसला तरी बहुधा मान उचलून पाहतो व पुन्हा आडवा होतो.

आता श्वास रोखण्याविषयी. पाण्यात जाण्यापूर्वी आपण छाती भरून हवा घेतो, सील मात्र फुप्फुसातली बरीचशी हवा सोडून बुडी मारतो. याचे कारण असे की त्याचा प्राणवायूचा साठा फुप्फुसात नसतोच. शरीराच्या वजनाच्या प्रमाणात त्याच्याकडे माणसाच्या सुमारे चौपट प्राणवायू साठवलेला असतो. त्यातला जवळपास दोन तृतीयांश रक्तात, उरलेला बहुतेक स्नायूंत आणि अगदी थोडा, म्हणजे विसाव्या हिश्श्याच्या आसपास, फुप्फुसात असतो. वजनाच्या मानाने त्याचे रक्त आपल्या दुपटीच्या घरात भरते, आणि प्राणवायू धरून ठेवणारे मायोग्लोबिन हे प्रथिन त्याच्या स्नायूंत आपल्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक असते. त्याचे मांस काळपट लाल दिसते ते त्यामुळेच. शिवाय प्लीहा हे त्याचे राखीव कोठार असते. बॉस्टनचे भूलतज्ज्ञ वॉरन झापोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात सीलाच्या पाठीवर एक लहान संगणकनियंत्रित यंत्र बांधून मोकळ्या बुडीदरम्यान त्याच्या रक्ताचे नमुने घेतले, तेव्हा बुडीच्या पहिल्या दहा-बारा मिनिटांत रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रमाण स्पष्टपणे वाढत गेलेले दिसले. विश्रांतीच्या वेळी प्लीहेत साठवलेल्या तांबड्या पेशी बुडी सुरू होताच रक्तप्रवाहात सोडल्या जात होत्या. त्याच काळातल्या मोजमापांतून हेही कळले की पाण्याच्या दाबाने काही दशक मीटर खोलीवरच सीलाची फुप्फुसे मिटतात. फुप्फुसे मिटली की उरलेल्या हवेतला नायट्रोजन रक्तात शिरत नाही, आणि खोल पाण्यातून भराभर वर येणाऱ्या पाणबुड्या माणसांना होणारा जीवघेणा त्रास त्याला होत नाही. हृदयाचे ठोकेही निम्म्याच्या आसपास किंवा त्याखाली येतात, आणि प्राणवायू मेंदू व हृदय यांच्यासाठी राखला जातो.

परंतु या विषयावर लिहिताना बहुतेक लोक जिथे थांबतात, त्यापुढची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. वेडेल सील ६०० मीटरच्या पलीकडे जाऊ शकतो आणि तासाहून अधिक काळ पाण्याखाली राहू शकतो, हे खरे आहे. पण तो रोज तसे करत नाही. अमेरिकन शास्त्रज्ञ जेराल्ड कूयमन यांनी १९६० च्या दशकात स्वयंपाकघरातले वेळ लावण्याचे घड्याळ वापरून खोली आणि वेळ नोंदवणारे उपकरण तयार केले, आणि ते सीलांवर बसवून मॅकमर्डोच्या बर्फात त्यांच्या बुड्या मोजल्या. त्यांची युक्ती साधी होती: इतर भोकांपासून लांब, अखंड बर्फात एक नवे भोक पाडायचे आणि सीलाला तिथे सोडायचे, म्हणजे श्वासासाठी त्याला तिथेच परत यावे लागते आणि उपकरण हाती येते. १९८० साली कूयमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की, मोठ्या सीलाची बुडी साधारण २० ते २५ मिनिटांच्या आत असेल, तर त्याच्या रक्तात लॅक्टिक आम्ल (प्राणवायू अपुरा पडल्यावर स्नायूंत तयार होणारे आम्ल) फारसे साचत नाही आणि थोड्याच वेळात तो पुन्हा बुडी मारू शकतो. ही मर्यादा ओलांडली की हिशेब फिरतो. पाऊण तासाच्या एका बुडीनंतर त्याला तासाहून अधिक काळ पृष्ठभागावर दम खावा लागतो. म्हणून त्याच्या बहुसंख्य बुड्या या मर्यादेच्या आतच संपतात. खाली जाताना फुप्फुसे मिटल्याने त्याची तरंगण्याची ओढ कमी होते आणि मग तो शेपटीकडचे पाय न हलवता नुसता घरंगळत खाली जातो. वाचवलेला प्राणवायू परतीसाठी लागतो, कारण माथ्यावर सगळीकडे छत आहे आणि दार एकच आहे.

ते दार सापडते कसे, याची उत्तरे टप्प्याटप्प्याने मिळत गेली. १९९९ साली सीलाच्या डोक्यावर बसवलेल्या कॅमेऱ्यांची चित्रणे प्रसिद्ध झाली आणि त्याच्या दृष्टीचे महत्त्व लक्षात आले. त्यात तो टूथफिशसारख्या मोठ्या माशाच्या अगदी जवळ, काही सेंटिमीटरवर, माशाला सुगावा न लागता पोहोचतो. बऱ्याचदा तो माशाच्या खाली राहतो, म्हणजे वरच्या बर्फातून झिरपणाऱ्या उजेडावर माशाची आकृती उठून दिसते. बर्फाच्या तळाच्या फटींत दडलेल्या लहान माशांना हुसकण्यासाठी तो नाकातून हवेचे बुडबुडे फटीत सोडताना दिसतो. मला या चित्रणातला हा भाग सर्वांत विलक्षण वाटतो, कारण श्वास हेच ज्याचे भांडवल आहे, तो प्राणी त्यातलाच थोडा भाग शिकारीसाठी खर्च करतो. परत येताना बर्फाच्या तळाचे उंचसखल आकार, भेगांमधून येणाऱ्या उजेडाच्या रेषा आणि भोकाभोवतालचा उजळ भाग या खुणा त्याला उपयोगी पडतात.

तरीही दृष्टीने सगळे उलगडत नाही. हिवाळ्यात मॅकमर्डोला चार महिने सूर्य उगवत नाही, आणि दूरवरच्या बुडीतूनही सील बऱ्यापैकी सरळ मार्गाने भोकाकडे परततात. यासाठी त्यांना पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची जाणीव असावी, असा तर्क काही संशोधकांनी मांडला आहे. तो अजून सिद्ध झालेला नाही. पाण्याचा सूक्ष्म हेलकावाही टिपणाऱ्या मिशा जवळच्या अंतरावर मदत करतात. शिवाय भोके आवाजानेही ओळखू येत असली पाहिजेत, कारण बर्फाखालचा समुद्र नोव्हेंबरात अजिबात शांत नसतो. नर भोकाखालच्या पाण्यात आपापली हद्द राखतात, शिरकाव करणाऱ्या नराच्या मागच्या पायांना कडाडून चावतात आणि उतरत्या सुरातल्या लांबलचक शिट्ट्या घालतात. बर्फावर उभ्या असलेल्या माणसाला त्या पायाखालून ऐकू येतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात यांतले काही आवाज माणसाच्या श्रवणमर्यादेपलीकडचे, ५० किलोहर्ट्झपर्यंत पोहोचणारे असल्याचे दिसले. त्यावरून हे सील वटवाघळांप्रमाणे प्रतिध्वनीने वाट काढतात, असे अनेक ठिकाणी लिहिले गेले. त्याला पुरावा नाही, आणि तसे ठामपणे सांगू नये.

ही विद्या पिल्लाला फार लवकर शिकावी लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जन्मलेले पिल्लू २५ ते ३० किलोचे असते, अंगावर लोकरीसारखी दाट लव असते आणि चरबीचा थर जवळपास नसतो. आईच्या अतिशय स्निग्ध दुधावर सहा-सात आठवड्यांत ते १०० किलोच्या घरात जाते आणि आई तोवर हाडकते. जन्मतःच त्याच्या मेंदूचे वजन मोठ्या सीलाच्या मेंदूच्या सुमारे ७० टक्के असते. दोनेक आठवड्यांचे झाले की आई त्याला भोकातून पाण्यात नेते. २०२२ च्या एका संशोधनानुसार दुधातून माद्या पिल्लांना लोहही मोठ्या प्रमाणात देतात. हिमोग्लोबिन आणि मायोग्लोबिन या दोन्हींना लोह लागते, त्यामुळे पिल्लाची बुडी लांबते आणि त्या हंगामात आईची स्वतःची बुडी आखूड होते.

तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर यातूनच निघते: बर्फ नाहीसा होणे त्यांच्या सोयीचे नाही. भोक राखण्याचे कष्ट वाचतील हे खरे, पण पिल्लू बर्फावरच जन्मते, बर्फावरच दूध पिते, आणि शिकारी ओर्का देवमासे व बिबट्या सील यांना अखंड बर्फाच्या आतपर्यंत सहजी येता येत नाही. पिल्लू आईपासून सुटे होईपर्यंत, म्हणजे साधारण डिसेंबरपर्यंत, हा बर्फ जागेवर टिकणे आवश्यक असते. उलट बर्फ अति झाला तरीही नुकसानच होते. मार्च २००० मध्ये रॉस हिमफळीपासून (जमिनीवरून समुद्रावर पसरलेल्या जाड हिमथरापासून) बी-१५ हा प्रचंड हिमनग सुटला, त्याचे तुकडे रॉस बेटाजवळ अडकले आणि पुढची काही वर्षे मॅकमर्डोतला बर्फ उन्हाळ्यातही फुटून बाहेर गेला नाही. त्या काळात मॅकमर्डोतल्याच एरेबस उपसागरात जन्मणाऱ्या पिल्लांची संख्या घटली, आणि हिमनगाचे तुकडे दूर गेल्यावर ती पुन्हा सावरली.

अंटार्क्टिका खंडाभोवतालच्या सर्व वेडेल सीलांची मोजणी प्रथमच उपग्रहचित्रांवरून करण्यात आली, आणि ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. नोव्हेंबर २०११ मधली ही चित्रे तपासायला जगभरातले लाखो स्वयंसेवक घरबसल्या पुढे आले. त्यातून बर्फावरच्या माद्यांची संख्या सुमारे दोन लाख निघाली. मात्र अनिश्चिततेचा पल्ला मोठा होता. जुने अंदाज याहून बरेच मोठे होते, पण ते वेगळ्या पद्धतींनी केलेले असल्याने संख्या घटली, असा निष्कर्ष काढता येत नाही. यापुढची तुलना याच आकड्याशी करावी लागेल.